पाच अल्बम आणि एक क्रियापद

रस्त्यात कोणी तुमच्या हातात पत्रक दिलं, तर तुम्ही त्यातलं आधी काय वाचता? मथळा वाचत असाल, तर तुम्हाला फसवणं सोपं आहे.

आमच्या घरात पत्रक खालून वर वाचलं जायचं. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं असतात. ती आधी शोधायची. नसली तर बाबा पत्रक उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर मला गणितं घालायचे. ज्याला स्वतःचं नाव लावायची लाज वाटते त्याचं म्हणणं आपण का ऐकायचं, असा त्यांचा सवाल असे. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनी एका कंपनीने घ्यायला सुरुवात केली तेव्हा आमच्या आणि आजूबाजूच्या गावांची सगळी पत्रकं त्यांनी लिहिली. मी अक्षरं शिकले ती पाटीवर नाही, छापखान्यातून आलेल्या कच्च्या प्रतींवर. इतर मुली सागरगोटे खेळायच्या तेव्हा मी पत्रकांच्या घड्या घालत असे, आणि माझी घडी वाकडी जात नसे.

त्यांचे तीन नियम होते. खालून वाचा, हा पहिला. पत्रकात विशेषणं नकोत, क्रियापद हवं, हा दुसरा. कारण, ते म्हणायचे, विशेषण फक्त चिडतं, क्रियापद कोणी काय केलं ते सांगतं. तिसरा नियम मला सगळ्यात अवघड वाटायचा. ज्याच्या विरुद्ध पत्रक असेल त्याला पहिली प्रत स्वतः नेऊन द्यायची. पाठीमागून वाटायचं नाही. एकदा ते माझा हात धरून कंपनीच्या कचेरीत गेले होते. तिथल्या साहेबाने त्यांच्यासमोर पत्रक वाचलं, चहा मागवला, आणि बाबा चहा न पिता परत आले. मी मात्र बिस्किट खाल्लं होतं. ते मला अजून बोचतं.

असं वाढलेल्या माणसाला संशय वेगळा शिकावा लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयातून बोलावणं आलं. वाचनालय चालवणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी मला शिकवलं, माझ्या मामाला शिकवलं, आणि आम्ही दोघंही त्यांना अजून घाबरतो. त्या म्हणाल्या, यंदाच्या वार्षिक कार्यक्रमाला ‘त्याला’ बोलवायचं ठरतंय.

आमच्या गावात नुसतं ‘तो’ म्हटलं की एकच माणूस. आता पन्नाशीला टेकलेला. आमच्याच गावचा. या पट्ट्यात पहिल्यांदा रॅप केलं ते त्याने, आणि केलं तेव्हा त्या प्रकाराला काय म्हणतात ते त्यालाही ठाऊक नव्हतं. गाव त्याला ‘बडबडगीतवाला’ म्हणायचं. वीसेक वर्षांत त्याचे पाच अल्बम आले. पेणपासून रेवदंड्यापर्यंत कुठल्याही हळदीत जा, त्याचं एक तरी गाणं वाजतं. तो स्वतः चौलला राहतो, तिथे त्याचं टायरचं दुकान आहे आणि एक टेम्पो आहे. आणि एवढं सगळं असून आमच्या गावच्या स्टेजवर तो एकदाही उभा राहिलेला नाही. का नाही, असं लहानपणी विचारलं की मोठी माणसं म्हणायची, तो येत नाही. आता त्याला कोण विचारणार आपल्याला.

बाईंना त्याआधी गावात वाटायला एक पत्रक हवं होतं. त्याचे पाचही अल्बम ऐकून मी क्रम लावायचा. सगळ्यात चांगला ते सगळ्यात वाईट.

“लोकांना क्रम आवडतो,” बाई म्हणाल्या. “भांडायला मिळतं. आणि तुला तर लहानपणापासून भांडायची हौस.”

मी हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत मला शंका आली. लिहिणारे गावात आणखी दोघंतिघं आहेत. मग मीच का? माझ्या नावामागे बाबांचं नाव लागतं म्हणून? मी लिहिलं की गुरुजींची संमती आहे असं दिसेल म्हणून? त्या माणसाला बोलवायला गुरुजींची संमती कशाला लागते? हा शेवटचा प्रश्न मी तेव्हा नीट धरून ठेवला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

बाबांना सांगितलं. ते पांढऱ्या कांद्याची माळ खुंटीला अडकवत होते. त्यांनी माळ अडकवली, पुन्हा काढली, पुन्हा अडकवली.

“चार घे,” ते म्हणाले. “पहिली कॅसेट सोड.”

“का?”

“जुनी झाली. आता ऐकून कोणाला काय कळणार.”

जुनं झालं म्हणून एखादी गोष्ट सोडून द्या, असं बाबा म्हणाल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मी त्याचा अर्थ असा लावला की बाबा थकले. माझा हा पहिला चुकीचा संशय.

मी ऐकायला बसले. आठ दिवस दुसरं काही ऐकलं नाही.

दुसरा अल्बम, निळ्या वेष्टनाची सीडी, मी पहिल्या नंबरावर ठेवला, आणि त्यासाठी मला विचार करावा लागला नाही. त्यात टेम्पोवाल्यांचं एक गाणं आहे. एक माणूस वडखळच्या गर्दीत अडकलाय आणि मागच्या गाडीतल्या माणसाशी भांडतोय, एवढंच. भांडता भांडता कळतं की मागचा त्याच्याच आतेचा मुलगा आहे आणि दोघांची शेतं एकाच दिवशी विकली गेली. हे तो सांगत नाही. भोंगे वाजत राहतात, मध्येच शिव्या बदलतात, आणि शिव्यांवरून नातं कळतं. ‘हाय’ आणि ‘न्हाय’ या दोन शब्दांवर त्याने अख्खा ताल उभा केलाय. नकार द्यायचा असेल तेव्हा ‘न्हाय’ ओढायचा, रडायचं असेल तेव्हा तोडायचा. शहरातून आलेल्या कुठल्याही रॅपरला हे जमणार नाही, कारण त्याच्याकडे तो शब्दच नाही.

तिसरा हळदीच्या गाण्यांचा. माझ्या शहरातल्या मित्रमैत्रिणी त्याला धंदेवाईक म्हणतात. असेल. पण त्यात नवरीच्या आत्याचं एक गाणं आहे. ती सगळ्या पाहुण्यांना वाढते आणि प्रत्येकाला एक टोमणा देते. तिच्या स्वतःच्या लग्नाचं काय झालं हे शेवटच्या टोमण्यात येतं. मी हा दुसरा ठेवला. आईने ऐकून सांगितलं की ही आत्या तिला माहीत आहे. कोण, ते मात्र सांगितलं नाही.

चौथा हिंदीतला. तो काही वर्षं मुंबईत राहिला होता तेव्हाचा. त्यात तो सारखा सांगतो की मी कोण आहे, मी कुठून आलो, माझ्या वाटेला जाऊ नका. आमच्याकडे ज्याला खरंच वाट ठाऊक असते तो असं बजावत नाही. हा अल्बम ऐकताना मला एका हुशार माणसाने भाड्याचे कपडे घातल्यासारखं वाटत राहिलं. पाचवा नवा, दोन वर्षांपूर्वीचा. किहीमच्या एका रिसॉर्टच्या उद्घाटनाला त्याने त्यातली गाणी म्हटली होती. रस्त्याच्या कडेला त्याचा फोटो असलेला फ्लेक्स मी स्वतः पाहिला. त्या अल्बमची सुरुवात लाटांच्या आवाजाने होते. छान, गोल, फेसाळ लाटा. मी ते तीनदा ऐकलं. आमच्या खाडीच्या तोंडाशी लाट अशी वाजत नाही. तिथे चिखल आहे, पाणी चिखलावरून सरकतं, आवाज होतो तो कोणीतरी ओला गोणपाट ओढत नेल्यासारखा. ह्या लाटा कुठून आणल्या? कोणत्या समुद्राच्या? ज्याला स्वतःच्या पाण्याचा आवाज विकत घ्यावा लागतो त्याच्याबद्दल काय समजायचं?

एवढ्यावर मी थांबले असते तर तो फक्त एक खोचक लेख झाला असता. पण राहिली होती पहिली कॅसेट, आणि ती माझ्यासाठी गाण्यांची कॅसेट नव्हतीच.

जमिनीच्या आंदोलनात तिच्यातल्या एका गाण्याची ओळ सगळ्यांच्या तोंडी होती. बाबांच्या प्रत्येक पत्रकात ती चौकटीत छापलेली असे. आमच्या उघाडीवरही ती लाल रंगात लिहिली आहे. उघाडी म्हणजे खाऱ्या शेतांच्या बांधातला दरवाजा, भरतीला मिटतो आणि ओहोटीला उघडतो. मोर्च्यात मी बाबांच्या खांद्यावर बसून ती ओरडले आहे:

आंगठा आमचा, शाई त्यांची, जमीन आमची गेली.

कॅसेट मात्र मी कधी पुरती ऐकली नव्हती. घरच्या टेपने ती मी चारपाच वर्षांची असतानाच खाल्ली. ऐकायची गरजही वाटली नाही. पाठ होती.

आता तो अल्बम त्याने इंटरनेटवर टाकला आहे. खाली लिहिलंय, नव्याने तयार केलेला आवाज. अलिबागला जाताना एसटीत खिडकीशी बसून मी ते गाणं लावलं. आणि माझ्या कानात तो म्हणाला:

आंगठा आमचा, शाई त्यांची, जमीन आमची दिली.

मी मागे घेतलं. पुन्हा ‘दिली’. कंडक्टर तिकीट विचारत होता, मी त्याला बोट दाखवून थांबवलं आणि पुन्हा ऐकलं. सात वेळा. दिली.

एक अक्षर. ‘गे’ काढून ‘दि’ बसवला की कंपनी सुटली, साहेब सुटला, शाईवालाही सुटला. कोणी हिसकावली नाही, आम्हीच दिली. नव्याने तयार केलेला आवाज म्हणजे नेमकं काय काय नव्याने तयार केलं? रिसॉर्ट, फ्लेक्स, विकतच्या लाटा, सगळं एका रेषेत आलं. मला आठवतंय, मला राग आला त्याहून जास्त समाधान वाटलं. संशय खरा निघाला की माणसाला जे वाटतं, ते.

अलिबागहून परत येऊन मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. पहिला अल्बम शेवटच्या नंबरावर टाकला. त्या दिवशी एकही विशेषण वापरलं नाही याचा मला अभिमान होता. शेवटचं वाक्य असं होतं: ‘ज्या ओळीने आम्हाला ओरडायला शिकवलं ती त्याने एका अक्षराला विकली, आता त्याला बोलवायचं की नाही ते गावाने ठरवावं.’ बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला. एवढंच म्हणाल्या, तुझ्या नावावर जाणार आहे, बघ. पाचशे प्रती छापून वाचनालयात आल्या. वाटप रविवारी होतं. बाईंनी बोलता बोलता सांगितलं की दोनतीन जुनी माणसं आत्ताच विचारून गेली, पोरीने पहिल्या कॅसेटबद्दल काय लिहिलंय म्हणून, आणि ऐकून खूश झाली. ती का खूश झाली, हे मला विचारावंसं वाटलं नाही.

पण तिसरा नियम होता. शनिवारी सकाळी पहिली प्रत घेऊन मी चौलला गेले.

दुकान सुपारीच्या वाडीच्या कुंपणाला लागून होतं. बाहेर टायरांचा ढीग, बाजूला निळा टेम्पो. तो एका चाकाची ट्यूब पाण्याच्या टपात बुडवून बुडबुडे शोधत होता. फ्लेक्सवर होता त्यापेक्षा खूपच लहानखुरा. मी नाव सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

“गुरुजींची पोर,” तो म्हणाला. “घडी घालनारी.”

मी पत्रक पुढे केलं. त्याने हात पुसले, ते घेतलं, आणि उलटं धरल्यासारखं डोळ्याजवळ नेलं. मला वाटलं चष्मा नाही. मग कळलं की तो सगळ्यात खालची ओळ वाचतोय. मुद्रकाचं नाव. मग प्रकाशक. मग माझं. मग वर. हे तो कुठे शिकला असेल, असा प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि मी तो बाजूला सारला.

त्याची बायको दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली होती. त्याने तिला वाचून दाखवलं, हिंदी अल्बमवरचं सगळ्यात मोठ्याने.

“भाड्याचे कपडे,” ती म्हणाली. “मी तेव्हाच बोलली होती. माझं कोन छापतंय?”

लाटांवरही तो हसला. म्हणाला, त्या खरंच विकतच्या हायत, स्टुडिओवाल्याकडं तयार होत्या. तुला बरं कळलं. मला त्याचं ते सहज कबूल करणं आवडलं नाही. जो माणूस लहान चोरी पटकन कबूल करतो तो मोठी लपवत असतो, असं मी मनात म्हटलं.

मग तो शेवटच्या परिच्छेदाशी आला. तिथे त्याने बायकोला वाचून दाखवलं नाही. दोनदा वाचलं. हसू गेलं.

“मूळ ऐकली हायस?”

“पाठ आहे.”

“पाठ हाय ते समजलं. ऐकली हायस?”

तो टेम्पोकडे गेला. टेम्पोत कॅसेटचा जुना टेप होता. समोरच्या कप्प्यातून त्याने फडक्यात गुंडाळलेली कॅसेट काढली. मी आधी ती हातात मागितली. त्याने दिली. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या चौकोनी टिकल्या असतात, त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. त्या मोडलेल्या होत्या. चिकटपट्टी लावून ते चुकवता येतं हेही मला माहीत होतं, म्हणून मी नखाने खरवडून पाहिलं. त्याची बायको माझ्याकडे बघत होती.

“पोलिसात हाय का ही?” तिने विचारलं.

“त्याच्यापेक्षा वरची,” तो म्हणाला. “गुरुजींची हाय.”

त्याने कॅसेट लावली. आवाज घोगरा होता, ताल नुसता टाळ्यांचा. बांध फुटला की आमच्याकडे सगळं गाव रांगेत उभं राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देतं, आणि एक जण मोठ्या आवाजात प्रत्येकाला चिमटे काढत वेग टिकवून ठेवतो. तो ताल. मी तो ओळखला. परक्यावर ओरडायचा नाही, आपल्याच माणसाला बोचायचा ताल. मी मान खाली घातली, कारण पुढची ओळ काय असणार हे मला आता कळलं होतं.

जमीन आमची दिली.

मी तरीही वेष्टनातला कागद मागितला. वाचणाऱ्यांनी हसावं, पण मी असाच वाढले आहे. कागदावर गाणी बारीक टायपात छापलेली होती. ‘दिली’. मी खालून वाचलं. सगळ्यात खाली मुद्रकाचं नाव होतं, तेच, ज्याच्याकडे बाबांची सगळी पत्रकं छापली जात. आणि त्याच्या वर: ‘मुद्रितशोधन’, पुढे माझ्या वडिलांचं नाव.

म्हणजे ही ओळ बाबांनी टाइप झाल्यावर तपासली होती. शब्दन् शब्द. आणि मग पत्रकात दुसरी छापली होती.

मी टायरांच्या ढिगावर बसले. त्याने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. पहिला अंगठा त्याच्या वडिलांनी उठवला होता. कोणी धाक घातला नव्हता. दलाल घरी आला, जेवला, जिताड्याच्या माशाचं कालवण झालं होतं त्या दिवशी, आणि जेवणानंतर अंगठा झाला. मग बाकीच्यांनी विचारलं, त्याने दिली तर आपण का मागे राहायचं. एका आठवड्यात अख्ख्या आळीने दिली. मोर्चे निघाले ते नंतर. कंपनीने तिथे काही उभारलं नाही, नुसतं कुंपण आलं, बांध कोणी बांधेना, आणि आता त्या शेतांत भरतीचं पाणी आणि तिवराची झुडपं आहेत. त्याने गाणं केलं ते कंपनीवर नव्हतं. बापावर होतं. गावाला ते एकदा ऐकवलं, देवळासमोर. दुसऱ्या दिवशी घरावर दगड आला. त्यानंतर त्याला कोणी बोलावलं नाही.

तो येत नाही, असं मला सांगितलं गेलं होतं. क्रियापद तिथेही बदललेलं होतं.

“तू उद्या हे वाट,” तो पत्रक परत देत म्हणाला. “माझं काय न्हाय. पन मला बोलावलं तर मी ‘दिली’च बोलनार. दुसरं बोलायला मला येनार न्हाय. बापाला एवढंच सांगितलं होतं मी, का तू दिलीस ते खोटं करनार न्हाय.”

घरी आले. बाबा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मी वेष्टनातला कागद त्यांच्या समोर ठेवला. त्यांनी वरून वाचला नाही.

“म्हणून म्हटलं होतं, पहिली सोड,” ते म्हणाले.

मी विचारलं. त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, आंदोलन उभं राहिलं होतं आणि त्याला ओळ हवी होती. एवढी चांगली ओळ दुसऱ्या कोणाकडे नव्हती. पण ‘दिली’ छापली असती तर कंपनीच्या वकिलाने तेच पत्रक कोर्टात दाखवलं असतं, की बघा, हेच म्हणतायत दिली म्हणून. आणि ज्यांनी अंगठे दिले तीच माणसं मोर्च्यात चालत होती. त्यांच्या तोंडात ‘दिली’ कशी घालायची? ‘गेली’ म्हटलं की सगळ्यांना ओरडता येत होतं.

ह्यात तथ्य आहे. मला तेव्हाही दिसत होतं, आताही दिसतं. पण ज्याने मला क्रियापद म्हणजे काय ते शिकवलं त्याने हे केलं होतं. ‘दिली’ला कोणीतरी देणारा लागतो, मी दिली, त्याने दिली, आम्ही दिली. ‘गेली’ला कोणी लागत नाही. चावी जाते, गाय जाते, जमीनही गेली.

“खाली मुद्रकाचं नाव छापलंत,” मी म्हटलं. “प्रकाशकाचं छापलंत. शब्द बदलणाऱ्याचं का नाही छापलं?”

बाबा वर्तमानपत्राची घडी घालत राहिले, पुन्हा उलगडून पुन्हा. त्यांची घडी वाकडी जात होती.

“मला कुणी विचारलंच नाही, का बदललं ते,” शेवटी ते म्हणाले. “आणि तोही कधी भांडायला आला नाही. मी त्याला पहिली प्रत द्यायला गेलो नव्हतो.”

मग मला समजलं की खालून वाचायला त्याला कोणी शिकवलं. तो बाबांचाच विद्यार्थी होता. चौथीपर्यंत.

त्या पाचशे प्रती वाटल्या गेल्या नाहीत. बाईंना सांगायला गेले तेव्हा त्यांनी गठ्ठा आधीच कपाटावर टाकून ठेवला होता. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? त्या म्हणाल्या, गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त छापलेलं कुठे नाही. तुम्ही मलाच का निवडलंत, हा माझा जुना प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. उत्तर समोर होतं, आणि त्यांच्यावरचा माझा संशय अजूनही पुरता गेलेला नाही.

नवं पत्रक निघालं. क्रम असा: पहिली कॅसेट, निळी सीडी, हळद, लाटा, हिंदी. लाटांना मी हिंदीच्या वर घेतलं, कारण विकत घेतल्या हे त्याने हसून कबूल केलं. हिंदीबद्दल त्याच्या बायकोचं मत माझ्यापेक्षा जुनं आहे. सगळ्यात खाली, मुद्रकाच्या वर, बाबांनी स्वतः एक ओळ लिहून दिली: ‘पूर्वीच्या पत्रकांत मूळ ओळीतील शब्द मी बदलला होता’, आणि सही. ती लिहायला त्यांना दोन दिवस लागले. मधल्या काळात त्यांनी एकदा मला विचारलं की ‘बदलला गेला होता’ असं चालेल का. मी फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

कार्यक्रम पुढे एका रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात झाला. बाबा पहिल्या रांगेत नव्हते, चौथ्या रांगेत, पण होते. त्याने तीन गाणी म्हटली, दोन हळदीची, मग ते. ती ओळ आली तेव्हा त्याने ती ओढली नाही, तोडलीही नाही. साधी म्हटली. कोणी टाळी वाजवली नाही. कोणी उठूनही गेलं नाही. मागच्या बाजूला एका म्हाताऱ्याने आपला अंगठा बघितला, असं मला वाटलं. पण मी हल्ली स्वतःला जे वाटतं ते दोनदा तपासते.

उघाडीवरची लाल ओळ अजून तशीच आहे. ती कोणी बदलायची यावर गावात वाद चालू आहे, आणि तो गावाने करावा. तुमच्याकडे मात्र मला एक काम आहे. पेणपासून अलिबागपर्यंत कितीतरी घरांत ती जुनी पत्रकं असतील, ट्रंकेत कपड्यांखाली अंथरलेली, सातबाराबरोबर घडी करून ठेवलेली. तुमच्या घरी असेल तर ते काढा. खालून वर वाचा. चौकटीतल्या ओळीवर आलात की पेन घ्या, ‘गे’ खोडा, वर ‘दि’ लिहा. आणि खाली, जिथे मुद्रकाचं नाव आहे तिथे, दुरुस्ती कोणी केली ते लिहा. तुमचं नाव, पूर्ण.